मंगळवारचे माग

"चहा प्यायला माग बंद करू?" बापू म्हेत्रे ओरडले.

रागावून नव्हे. इचलकरंजीत सगळेच ओरडून बोलतात. दिवसरात्र यंत्रमागांची खटखट चाललेली, हळू बोलून करता काय? आमच्याकडे नवरा-बायकोचं गुपितही शेजाऱ्याला ठाऊक असतं.

"अर्धाच तास, बापू," मीही ओरडले. "मंगळवारी सकाळी दहा वाजता."

"अगं पोरी, माझा कामगार एका हातात कप धरतोय आणि दुसऱ्या हातानं तुटलेला धागा जोडतोय. चहासाठी माग बंद ठेवायला मी काय संस्थानिक आहे?"

"आपला चहा नव्हे. जपानी चहा."

"मग तर बघायलाच नको," बापू म्हणाले आणि पाठ फिरवून शेडमध्ये गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले. मी तेव्हा बी. ए. होऊन घरी बसलेली, लग्न जमायचं होतं, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीला नेल्याशिवाय मला जेवण जात नसे. आई म्हणायची, ही पोरगी सासरी टिकायची नाही. टिकले, पण ते वेगळं.

आता ही जपानी चहाची काय भानगड, ते सांगते. माझे वडील गिरणीत विणकाम मास्तर. गिरणीत जपानहून नवे माग आले आणि ते बसवायला एक इंजिनिअर आला, बायकोला घेऊन. तिचं नाव फुमिए. आमच्या गल्लीत तिची फुमीबाई झाली. गिरणीनं त्यांना आमच्याच गल्लीतलं एक घर दिलं, घराला फोन दिला, आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून बापू म्हेत्र्यांचं शेड होतं ते काही कुणाला हलवता आलं नाही. वडिलांनी मला सांगितलं, जा, बाईला मराठी शिकव, दिवसभर एकटी असते. मी गेले. वर्षभरात तिला मराठी आली आणि मला चहा.

चहा म्हणजे हिरवी पूड. वाडग्यात पूड, वर गरम पाणी, आणि बांबूच्या एवढ्याशा रवीनं घुसळायचं. दूध नाही, साखर नाही. पहिल्यांदा प्याले तेव्हा वाटलं, कडुनिंबाचा पाला वाटून दिलाय. पण ते करण्याची तिची रीत बघितली आणि मी खुळी झाले. रेशमी रुमालाची घडी कशी घालायची, वाडगा कुठल्या बाजूनं पाहुण्यापुढे ठेवायचा, पाहुण्यानं तो हातात कसा फिरवायचा, पळी कशी उचलायची. एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायची बाई. चुकलं की रागवायची नाही, नुसतं "परत" म्हणायची. घरी आले की मी ताकाच्या भांड्यावर सराव करायची. आई म्हणायची, तिकडं वाडगं फिरवायला शिकतीय, इकडं हिची चपाती फिरंना.

आणि एक गोष्ट मला बाईंनी कधीच नीट शिकवली नाही, कारण शिकवताच येत नव्हती. पाण्याचा आवाज.

पाणी तापवायला तिच्याकडे एक लोखंडी हंडी होती, काळीभोर, अंगावर बारीक खडे खडे. तिच्या आईची. आई तिकडे चहाच शिकवायची, आणि मुलगी परदेशी निघाली तेव्हा तिनं रोजची हंडी काढून दिली. तळाला आतून लोखंडाच्या चकत्या बसवलेल्या. पाणी तापत आलं की ते त्या चकत्यांपाशी गाऊ लागतं, आणि चहा करणारी त्या आवाजावरून ठरवते की आता पाणी घ्यायचं.

"कसा आवाज?" मी विचारलं होतं.

"डोंगरावर झाडं. झाडांत वारा," बाई म्हणाल्या होत्या.

"सुरूच्या झाडांत येतो तसा?" मी एकदा मालवणला गेले होते.

"मला सुरू माहीत नाही. पण तसाच असेल," त्या म्हणाल्या.

पण इचलकरंजीत तो आवाज कुठून ऐकू येणार? भिंतीपलीकडे म्हेत्र्यांचे माग, समोर गणपा हावळांचे, पलीकडच्या गल्लीत आक्काताई चौगुल्यांची मोठी शेडं. मी वाफ बघून पाणी घ्यायला शिकले. बाईसुद्धा हंडीजवळ कान नेऊन बसायच्या, मग हसून मान हलवायच्या.

नवऱ्याचं काम संपत आलं, महिन्याभरात परत जायचं ठरलं, आणि एके दिवशी रुमालाची घडी घालता घालता बाई म्हणाल्या, "शैला, एकदा इथं पाणी ऐकायचं आहे. मंगळवारी. सकाळी."

"शुक्रवारी करू की," मी म्हटलं. "शुक्रवारी आपल्या बाजूला लाईटची सुट्टी. निम्मा आवाज तसाच कमी होतो. उरलेला मी बघते."

"शुक्रवार नको. मंगळवार."

दोन वर्षांत बाईंनी मला कधी काही मागितलं नव्हतं आणि कधी हट्ट केला नव्हता. मला इतका आनंद झाला की का, कशाला, हे विचारायचं सुचलंच नाही. "झालं समजा," मी म्हटलं, आणि पायात चप्पल सरकवून जी निघाले ती थेट बापूंच्या शेडमध्ये.

"बापू," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "रात्री झोपेत तुमचा एखादा माग बिघडला तर तुम्हाला कळतं का?"

"कळतं म्हणजे? अंथरुणातनं सांगतो कितव्या नंबरचा ते. चाळीस वर्षं कान तयार झालाय."

"त्या बाईंचाही कान तयार झालेला आहे. लहानपणापासून. पाणी किती तापलं ते आवाजावरून सांगतात. आणि इथं आल्यापासून तो कान बंद पडलाय. तुमचा बंद पडला तर?"

एका मागापाशी वाकून बापूंनी उगाचच धागा चाचपला.

"पाण्याचा आवाज?" ते म्हणाले.

"पाण्याचा."

"खोटं निघालं तर?"

"तर तुम्ही स्वतः येऊन बघा. पाहुणे म्हणून. मी बोलावते."

बापूंनी टोपी काढून परत घातली. "अर्धा तास," ते म्हणाले. "एक मिनिट वर नाही."

पुढचे दिवस मी सायकलवरून जी फिरले! गणपा हावळ म्हणाले, म्हेत्रे बंद ठेवणार असतील तर मी ठेवतो. ते खरं वाटेना म्हणून बापूंना विचारून आले, मग मला विचारलं, मग परत बापूंना. आक्काताईंच्या शेडचं मात्र अवघड होतं. आक्काताई म्हणजे नवऱ्यामागं एवढा कारभार एकटीनं ओढणारी बाई, तिच्यापुढं उभं राहायलाही लोक दोनदा विचार करत. माझं नशीब, त्या नरसोबाच्या वाडीला गेल्या होत्या. मी त्यांच्या दिवाणजींना गाठलं.

"आक्काताई आल्या की विचारतो," दिवाणजी म्हणाले.

"कधी येणार?"

"मंगळवारी दुपारी."

"मग काय, त्या यायच्या आत उरकतं की."

दिवाणजी माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना एकदम हसू आलं. "तुझ्या जिवावर बरं का," ते म्हणाले.

मंगळवारी मी पहाटेच उठले. इस्त्रीवाल्याकडून चांगला कोळसा निवडून आणला, बाईंच्या अंगणात पाणी मारलं, घरभर नाचले नुसती. बाईंनी साधा करडा किमोनो घातला होता. मला वाटलं होतं आज तो आंब्याच्या रंगाचा घालतील. चहाच्या खोलीत तीन आसनं मांडली होती. सगळ्यात वरचं आसन मानाचं, तिथं मी बापूंना बसवायला निघाले.

"तिथं नाही," बाई म्हणाल्या.

"मग कोण येणार आहे अजून?"

बाई निखारे नीट करत होत्या. आम्ही खालच्या दोन आसनांवर बसलो. बापू कडक इस्त्रीची टोपी घालून आले होते, मांडी घालून ताठ, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.

दहा वाजले. आणि भिंतीपलीकडे बापूंचा पहिला माग थांबला.

बापू डोळे मिटून बोटांनी मोजू लागले. "हा दाराजवळचा... हा जुना... झाले माझे. आता गणपाचं बघ, त्याला घाई नसतीय... हं. बंद." मग दूर कुठंतरी भलामोठा खटखटाट कमी कमी होत गेला. "आक्काताईंचं शेड," बापू म्हणाले, आणि डोळे उघडले.

मला कानात दडे बसल्यासारखं झालं. कुठंतरी नळ गळत होता. कौलावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. कुणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. जन्मापासून मी या गल्लीत राहत होते आणि ही गल्ली मी अशी कधी ऐकलीच नव्हती.

मग हंडीतून आवाज आला.

आधी नुसतं बारीक काहीतरी. मग एकसारखं, लांबून येणारं. मालवणला सुरूच्या बनात मी उभी होते तेव्हा वर शेंड्यांत जे चाललं होतं ते अगदी तेच. मी बाईंकडे बघितलं. त्या हंडीकडे बघत होत्या आणि त्यांचे हात मांडीवर होते, दोन वर्षांत मी ते हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते.

"हे पाणी?" बापू कुजबुजले. त्यांचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पातळ होता.

मी जिंकले होते. मला उठून उड्या माराव्याशा वाटत होत्या. एवढ्या गल्लीला, एवढ्या मागांना मी गप्प केलं होतं.

बाईंनी पळीनं पाणी घेतलं, चहा घुसळला, वाडगा उचलला. पहिला वाडगा पाहुण्याचा, म्हणून मी हात पुढे करायच्या बेतात होते. पण त्यांनी तो नेऊन रिकाम्या आसनापुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. शिकवलेल्यात हे कुठंच नव्हतं. मी बापूंकडे बघितलं, बापू माझ्याकडे.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. एक, दोन, मग बरीच. कुजबुज. दारात चपला काढल्याचा आवाज. मी वळून बघितलं तर गल्लीतल्या बायका उभ्या, मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या उभ्या, गणपा हावळांची आई काठी टेकत आलेली, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. आणि त्यांना बाजूला सारत पुढे आल्या आक्काताई चौगुले, हातात वाडीची पिशवी तशीच. दुपारची गाडी सोडून सकाळचीच धरून आल्या होत्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे लाईट असताना माग असे एकदम कधी थांबतात? गल्लीत कुणी गेलं तरच. तिरडी निघून जाईपर्यंत आसपासची सगळी शेडं बंद. हे शेंबड्या पोराला माहीत, आणि उत्साहाच्या भरात मालकांच्या पाया पडत फिरणाऱ्या मला आठवलं नाही. मालकांनी घरी सांगितलं नाही, कारण चहासाठी माग बंद ठेवतोय हे बायकोला सांगायची लाज. आणि बापूंना कडक टोपीत या घरात शिरताना गल्लीनं बघितलं होतं.

मी धावत दाराशी गेले. "आक्काताई, कुणी गेलेलं नाही. मी सांगते नंतर. तुम्ही आधी—"

"गप. रेडिओ चालू आहे, पंखा फिरतोय आणि माग बंद. म्हणजे माणूस गेलंय. कोण ते सांग."

"अहो खरंच कुणी—"

"आई," मागून आवाज आला.

फुमीबाईंनी पळी खाली ठेवली होती आणि दाराकडे तोंड करून दोन्ही हात जमिनीला टेकले होते.

"माझी आई," त्या म्हणाल्या.

मागं फक्त ती हंडी चालली होती.

"कधी?" आक्काताईंनी विचारलं. एवढ्या मऊ आवाजात त्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"मागच्या वर्षी. आजच्या दिवशी." बाई थांबून थांबून बोलत होत्या, पण शब्द चुकत नव्हते. "भावाचा फोन आला. मागांमुळे मला ऐकू येईना. मी परत परत विचारलं, काय? काय झालं? मग त्याला ओरडून सांगावं लागलं. जाऊन पोचेपर्यंत तिकडं सगळं झालं असतं. मी इथं बसून रडले. मोठ्यानं. कुणाला ऐकू आलं नाही."

मागच्या वर्षी या दिवसांत मी रोज येत होते. म्हणजे त्या दिवशीही आले असेन. मी रुमालाची घडी चुकले असेन आणि त्या "परत" म्हणाल्या असतील. मला तो दिवस आठवतच नव्हता, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

आक्काताईंनी पिशवी खाली ठेवली. खोलीत यायचं तर गुडघ्यांवर सरकत यायचं असतं, नमस्कार करायचा असतो, हे सगळं त्यांना कोण सांगणार? त्या सरळ चालत आल्या, फुमीबाईंच्या शेजारी धपकन बसल्या आणि त्यांना जवळ ओढलं. बाई लाकडासारख्या ताठ झाल्या. त्यांच्यात कुणी कुणाला असं धरत नाही. आक्काताईंनी सोडलं नाही.

"वर्ष झालं," आक्काताई आमच्याकडे बघत म्हणाल्या, "आणि हिनं एकटीनं चूल पेटवली? एवढी गल्ली, आणि हिला कडू घास कुणी दिला नाही?"

आमच्या भागात माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना पहिला घास हातानं भरवतात, त्यांच्या नको नको म्हणण्याकडे बघत नाहीत. तोच कडू घास. तो दिल्याशिवाय माणूस पुन्हा जेवणावर येत नाही, असं आम्ही मानतो.

आक्काताईंनी इकडे तिकडे बघितलं आणि रिकाम्या आसनापुढचा वाडगा उचलला. एका हातानं, कडेला अंगठा घालून. इतके दिवस शिकलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढे मोडत होतं.

"आक्काताई, तो नको," मी म्हटलं. "तो त्यांच्या आईसाठी ठेवलाय."

"मग? आईच्या ताटातलं लेकीला चालत नाही व्हय?"

त्यांनी वाडगा बाईंच्या ओठांना लावला. "घे, माझी बाय."

चहा करणारी स्वतः चहा पीत नसते. वाडगा दुसऱ्याच्या हातातून पिणं तर कुठंच नसतं. फुमीबाईंनी आक्काताईंच्या मनगटावर हात ठेवला, मला वाटलं आता बाजूला करतील. त्यांनी तोंड उघडलं आणि एक घोट घेतला. मग दुसरा. मग सगळा प्यायल्या.

मग त्यांनी तोंड पुसलं, वाडगा धुतला आणि दुसरा चहा केला, अगदी पहिल्यासारखा, एकही हालचाल न चुकवता. तो आक्काताईंना दिला. आक्काताईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळा संपवला.

"कडू आहे," गणपाच्या आईनं हळूच विचारलं, "न्हाई का?"

"कडूच असतोय," आक्काताई म्हणाल्या आणि वाडगा पुढे दिला. बाई करत राहिल्या, आम्ही पीत राहिलो. खोलीत जागा संपली तशा बायका ओट्यावर बसल्या, वाडगा हातोहात बाहेर जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. बापूंनी त्यांचा वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे बघून, मी फिरवला तसा, फिरवला.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. बापू उठले नाहीत. शेवटी बाईंनीच पळी आडवी ठेवली.

"बापू," त्या म्हणाल्या, "आता माग चालू करा."

"राहू दे बाई आज," बापू म्हणाले. "संध्याकाळपर्यंत राहू दे."

आक्काताईंनीही मान हलवली. त्यांची तेवढी शेडं बंद, तरीही.

"नको," बाई म्हणाल्या. "आई फोनवर विचारायची, तुझ्या मागं एवढा कसला आवाज येतोय? पाऊस पडतोय का? मी म्हणायचे, ये, तुला ऐकवते. ती आली नाही." त्यांनी वरच्या आसनाकडे बघितलं. "आज आली आहे. ऐकवा तिला."

बापू टोपी सावरत उठले, खिडकीशी गेले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "चालू करा रे."

भिंतीपलीकडे एक माग सुरू झाला. मग दुसरा, मग जुना. समोर गणपाचे. मग पलीकडच्या गल्लीतली सगळी शेडं एकदम. जमीन थरथरू लागली, हंडीचा आवाज गेला, वाडग्यातली बांबूची रवी हलायला लागली.

फुमीबाईंचं तोंड उघडलं होतं, खांदे हलत होते. मी समोरच होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. आक्काताईंना आलं असणार. त्यांनी बाईंचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं.